माफ केलं म्हणजे वावर सोडलं का?

गुड फ्रायडे होऊन गेला की माझ्याकडे माफीवरची पत्रं वाढतात, दरवर्षीचंच आहे हे. त्या दिवशी दुपारी तीन तास येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात, आणि पहिलाच उद्गार असतो, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ (लूक २३:३४). लोक ऐकतात, डोळे पुसतात, घरी जातात आणि घरी काय, तर तोच भाऊ, तीच जाऊ, तोच नवरा. मग मला लिहितात. यावेळी चार पत्रं घेतली आहेत, नावं-गावं काढून टाकलीत, भाषा ज्याची त्याची ठेवली.

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. यवतमाळ जिल्ह्यातला आहो, गाव छापू नका. बाबा वारले तेव्हा नऊ एकर वावर होतं, मृत्युपत्र वगैरे काही नाही. मोठा भाऊ म्हणे अर्धं-अर्धं करू, मी वाटणीच्या कागदावर न वाचता सही करून देली, मंग सातबारा पाह्यला तं त्याच्या नावानं साडेपाच आन माह्या नावानं साडेतीन, विहीर बी त्याच्याच तुकड्यात. बहिणी दोन आहेत, त्याइचा काही प्रश्न नाही, साडीचोळी केली, त्याइनं तलाठ्याकडे सह्या देल्या. आई माह्याकडेच राह्यते. भाऊ दर रविवारी पयल्या बाकावर बसते आन प्रार्थना बी चालवते. पास्टर म्हणते माफ कर, नाही तं प्रभुभोजन (चर्चमधली भाकर-द्राक्षारस) घेऊ नको. औंदा त्याच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला तं खरं सांगतो, मले बरं वाटलं. माफ करा म्हणजे एक एकर सोडून द्या का? का केस टाकू?

उत्तर : जय ख्रिस्त भाऊ. पहिली गोष्ट, तुमच्या भावानं केलं ते चुकीचं केलं. हे मी सगळ्यात आधी लिहिते कारण आपल्या मंडळीत हे वाक्य कुणी बोलतच नाही. ज्याला लागलं त्यालाच सगळे समजावायला जातात, बाबा सोडून दे, देव पाहून घेईल, आणि ज्यानं लावलं तो आरामात प्रार्थना चालवतो.

तुमच्या पास्टरांनी मत्तय १८ वाचला पण मागून वाचला असं वाटतं. येशूचा शिष्य पेत्र येऊन विचारतो, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा का, आणि येशू म्हणतो साताच्या सत्तर पट. हे आपल्या लेकरांना पण पाठ असतं. पण हा प्रश्न येतो २१व्या वचनात. त्याच्या आधी १५व्या वचनापासून काय आहे ते पाहा. भावानं तुझा अपराध केला तर जा आणि तो एकटा असताना त्याचा दोष त्याला दाखव. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे तोंडावर सांगणं आधी आलं, सत्तर पट नंतर. आता तुम्ही पास्टरला सांगितलं, सोयऱ्यांमध्ये पण सांगितलंच असेल, मला तर एवढं मोठं पत्र लिहिलं, पण भावाला समोर बसवून विचारलं का, की दादा तू अर्धं म्हणाला होता मग हे काय, हे पत्रात कुठंच नाही. विचारलं नसेल तर आधी विचारा. एकटे असताना. पारावर नाही, चहाच्या टपरीवर नाही, आणि व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर तर बिलकुल नाही.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन (मत्तय ५:२३-२४) तुम्हाला ऐकवलं असणार. ते कुणाला सांगितलंय ते एकदा नीट वाचा. ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला सांगितलंय. म्हणजे पहिल्या बाकावरच्याला. पास्टरांनी ते आधी तिकडं जाऊन वाचावं, मग तुमच्याकडं यावं.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता सोयाबीनचं बोलू.

भाऊ, तुमची माफी त्या एका एकरात अडकलेली नाही, ती मोझॅकमध्ये अडकली आहे. भावाच्या वावरातली पानं पिवळी पडली आणि तुम्हाला बरं वाटलं, तुम्ही ते लपवलं नाही म्हणून मी तुमचं पत्र वरती घेतलं. त्याच्या शेंगा भरल्या नाहीत तर त्याची पोरं काय खातील, ती पण तुमच्याच रक्ताची, आणि तो रोग पांढऱ्या माशीनं पसरतो हो, माशी काही धुरा-बांध पाहून थांबत नाही, उद्या तुमच्या साडेतीन एकरात येईल. माफ करणं म्हणजे त्याचं वाटोळं व्हावं असं वाटणं सोडणं. सूड माझ्याकडे, मी फेड करीन असं प्रभू म्हणतो (रोमकरांस १२:१९), तर ते काम त्याच्यावर सोडायचं. एका दिवसात होत नाही हे मला माहीत आहे. राग आला तर देवापुढे ओकून टाका, स्तोत्रांमध्ये दावीद राजानं शत्रूंबद्दल काय काय म्हटलंय ते वाचलं तर तुमचं पत्र फारच सभ्य वाटेल.

आणि आता ते, जे तुम्ही विचारलंच नाही. ‘बहिणींचा काही प्रश्न नाही’ असं एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी तिथंच थांबली.

आपल्या ख्रिस्ती घरात मृत्युपत्र नसलं तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं सगळ्या लेकरांना सारखं, मुलगा मुलगी फरक नाही. शेजारच्या हिंदू घरांचा कायदा वेगळा, त्यांचं ऐकून आपला हिशोब करू नका. तुमच्या नऊ एकरात आईचे झाले तीन. उरले सहा, चार भावंडांत दीड-दीड. तुमचा हिस्सा दीड एकर आहे भाऊ, आणि तुमच्या नावानं आज साडेतीन आहे. भावाकडे साडेपाच. दोघांनी मिळून आईचं आणि दोन बहिणींचं मिळून सहा एकर धरून ठेवलंय आणि भांडण चाललंय एका एकराचं. तलाठ्यासमोर सह्या दिल्या म्हणता, पण फेरफारानं मालकी ठरत नाही, जमिनीतला हक्क सोडायचा तर रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, ते झालं का हे वकिलाला कागद दाखवून विचारा. आणि कागद पक्का असला तरी मनाला विचारा. बहिणींनी खरंच खुशीनं दिलं, की नाही दिलं तर माहेर तुटेल म्हणून दिलं? आपल्याकडं साडीचोळीच्या आड किती एकर गेलेत त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता मत्तय १८ चाच शेवट वाचा, येशूनं सांगितलेली गोष्ट आहे. राजाचा एक चाकर, त्याच्या डोक्यावर देणं इतकं की हिशोब केला तर सुमारे ६ कोटी दिवसांची मजुरी होते, आजचा रोज ३०० रुपये धरला तर १,८०० कोटी. राजा सगळं सोडून देतो. हा बाहेर येतो आणि याचे १०० दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे याचे झाले ३०,०००. पाहा, ३०,००० काही कमी नाही, दोन-तीन एकराचं बी-खत येतं त्यात. येशू असं म्हणतच नाही की तुझं नुकसान किरकोळ होतं. चाकराचं सोबत्याकडं खरंच येणं होतं. फक्त तो स्वतः काय सोडवून घेऊन आला ते दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला.

तुमचं एक एकर खरं आहे. पण बहिणींकडं जाताना तुम्ही चाकराच्या बाजूला उभे आहात की सोबत्याच्या, ते तुम्हीच ठरवा.

केसचं विचारलं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला रागावतो की भाऊ भावावर कोर्टात जातो, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, आणि पुढं हे पण म्हणतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही (१ करिंथ ६). हे वचन मी लपवत नाही. पण हाच पौल स्वतःवर वेळ आली तेव्हा ‘मी कैसरापाशी (रोमच्या बादशहापाशी) न्याय मागतो’ म्हणून उभा राहिला (प्रेषित २५:११). म्हणजे कोर्टात जाणं पाप, असा सरसकट नियम मला दिसत नाही, आधी घरात आणि मंडळीत बसून पाहायचं असा क्रम दिसतो. मंडळीचे दोन जाणते लोक घ्या, भावाच्या मर्जीतले नको, तुमच्या पण नको, आई आणि दोन्ही बहिणींना बोलवा, त्यांना खुर्चीवर बसवा, चहा करायला आत पाठवू नका, आणि चौघा भावंडांची व आईची वाटणी नव्यानं मांडा. वेळ लागेल. आपल्या नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्याची बोलणी १९२९ पासून सुरू होती. तुमचं एवढं लांबणार नाही अशी आशा करू. आणि बसूनही नाही जमलं तर महसुलात अपील आहे, दिवाणी कोर्ट आहे, तिथं जा, पण मोझॅकवाला आनंद सोडून जा.

एक माणूस येशूकडं आला होता असाच, गुरुजी माझ्या भावाला सांगा वतनाची वाटणी कर म्हणून. येशूनं वाटणी केली नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं असं म्हणाला, आणि मग दोघांना लागू पडेल असं लोभाबद्दल बोलला (लूक १२:१३-१५). वाटणी करायला बोलावलेल्या जाणत्यांनी येताना ते वाचून यावं.

प्रश्न : मावशी, माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, दोन मुली. नवरा दारू पिऊन मारते. मी दोन वेळा माहेरी गेली. तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडून माफी मागते, पाळकसाहेब आमचे हात हातात देतात, महिला मंडळाच्या बाया टाळ्या वाजवतात, एका महिन्यात तेच चालू. आता मोठीवर पण हात टाकला. बाया म्हणतात सत्तर गुणिले सात, तू माफ नाही केलं तर देव तुला माफ करणार नाही. माझं चुकते का? (बुलडाणा जिल्हा)

उत्तर : नाही बाळा, तुझं चुकत नाही. मुलींना घेऊन आज माहेरी जा, किंवा जिथं सुरक्षित वाटेल तिथं जा, आणि पत्राचं उरलेलं उत्तर तिथं वाच. लगेच धोका असेल तर ११२ लाव, नाही तर महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००५ चा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतो, कोर्टाकडून त्याला तुझ्याजवळ येण्यापासून थांबवण्याचा हुकूम मिळतो, राहायचा हक्क मिळतो, खर्च मागता येतो.

महिला मंडळाला माझा निरोप. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत शौल दाविदाच्या हातात सापडला, दाविदानं फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला आणि त्याला जिवंत सोडलं. बाहेर येऊन ते दाखवलं तेव्हा शौल मोठ्यानं रडला, ‘माझ्या मुला’ म्हणाला, तू माझ्यापेक्षा चांगला आहेस म्हणाला. आता १ शमुवेल २४ चं शेवटचं वचन उघडा. शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसोबत गडावर गेला. घरी नाही गेला त्याच्यासोबत! दाविदानं माफ केलं नव्हतं असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची? आणि बरं केलं गेला नाही, कारण दोनच अध्याय पुढं तोच शौल ३,००० माणसं घेऊन पुन्हा त्याच्या मागावर.

तुला पण तेच. मनातून त्याला सोड, जमेल तेव्हा, सावकाश, कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. घरात परत घेणं ही दुसरी गोष्ट आहे आणि त्याला अटी असतात. दारू सुटली पाहिजे, व्यसनमुक्तीत जाऊन यावं, काही महिने लोकांनी त्याला शुद्धीत पाहिलेलं असावं. रडणं हा पश्चात्ताप नव्हे. ज्या अध्यायातलं सत्तर पट तुला ऐकवतात त्याच्याच सहाव्या वचनात आहे की या लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवावं ते बरं. तुझ्या मोठीवर हात टाकला ना त्यानं. महिला मंडळाच्या पुढच्या सभेत सहावं वचन घ्या म्हणावं. आणि पाळकसाहेबांनी हात हातात देणं बंद करावं, ते लग्नात एकदा दिलेत तेवढे पुरे.

प्रश्न : नमस्कार. मी ख्रिश्चन नाही, वर्ध्याकडचा आहे, कॉलेजला ख्रिश्चन मित्र आहे म्हणून तुमचं सदर वाचतो. मला दोन शंका. एक, असं खरंच कुणी माफ करतं का की सगळं भाषणात? दोन, कबूल केलं की सुटला असं असेल तर गुन्हेगाराचं फावतंच ना?

उत्तर : तुमच्या शंका सरळ आहेत, आवडल्या. दुसरी आधी घेते, कारण ती छोटी आहे. जक्कय नावाचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि हा उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं काही अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो (लूक १९). आधी माफीची पावती आणि मग बघू असं नाही, खिशातून पैसे निघाले. चर्चमध्ये येऊन नुसतं कबूल करणारे आमच्यात भरपूर आहेत, चौपट परत करणारे मोजायला बोटं उरतात, म्हणून तुम्हाला तसं वाटतं, आणि त्यात तुमचा दोष नाही.

पहिलीचं उत्तर ओडिशातून देते. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियातून आलेले, बारीपद्याला कुष्ठरोग्यांत काम करायचे, आपल्याकडं अचलपूरजवळ कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात होतं तशातलं. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात रात्री गाडीत झोपलेले असताना त्यांना आणि दोन मुलांना, फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६ वर्षांचा, जमावानं जिवंत जाळलं. बायको ग्लॅडिस, तिनं सांगितलं की मी त्यांना माफ केलं आहे. पळून गेली नाही, मुलीला घेऊन तिथंच काही वर्षं कुष्ठरोग्यांचं काम चालवलं. २००५ ला तिला पद्मश्री मिळाली. आणि पाहा, तिनं माफ केलं म्हणून कोर्ट थांबलं नाही. मुख्य आरोपीला खालच्या कोर्टात २००३ ला फाशी झाली, हायकोर्टानं २००५ ला ती जन्मठेप केली, सुप्रीम कोर्टानं २०११ ला जन्मठेप कायम ठेवली. तिचं काम तिनं केलं, कायद्याचं काम कायद्यानं केलं. तुमच्या दुसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर इथं पण आहे.

अजून जवळचं सांगते, मध्य प्रदेशातलं. सिस्टर राणी मारिया गावागावात गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायचं काम करायची, म्हणून सुपारी देऊन २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडं जाणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं. सावकाराच्या आड आलं की काय होतं ते विदर्भात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तिची सख्खी बहीण, ती पण सिस्टर, सेल्मी पॉल, २००२ ला जेलात गेली आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधली. तो २००६ ला सुटला, नंतर केरळात जाऊन तिच्या आईला भेटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला चर्चनं धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. राखी बांधताना त्या बहिणीच्या पोटात काय झालं असेल मला विचारू नका, मी कल्पना करायला बसते आणि उठून जाते. पण असं करणारी माणसं आहेत, आणि त्यांना ते सोपं गेलं असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही.

मित्राला माझा नमस्कार सांगा, आणि त्याच्या घरी नाताळला करंज्या खायला जाता तसं कधी गुड फ्रायडेला पण बसून या, तीन तास लांब वाटले तर मधून उठलेलं चालतं.

प्रश्न : मावशी मी सातवीत आहे. संडे स्कूलमध्ये शिकवलं की सत्तर गुणिले सात म्हणजे ४९०. मी वही केली आहे. माझ्या लहान बहिणीला मी आतापर्यंत ४६ वेळा माफ केलं, काल तिनं माझ्या सायकलची चेन काढून पाडली ते धरून. ४९० झाल्यावर मारलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पण तुझा गुणाकार बरोबर आहे.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा एक माणूस आहे, तो बायकांसमोर फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तर पट. येशूनं तसलाच मोठा आकडा घेतला आणि सूडाच्या जागी माफी ठेवली, म्हणजे मोजणं सोडून दे असं सांगितलं. पौल पण म्हणतो की प्रीती अपकार मोजत नाही (१ करिंथ १३:५). तर वही आईला दे, मागची पानं कोरी असतील ती गणिताला होतील. आणि आईला विचार, तिनं तुझी अशी वही केली असती तर सध्या कितव्या पानावर असती.

चेन बसवायला बहिणीलाच घे. मागचं चाक जरा सैल करायचं, चेन आधी मागच्या फ्रीव्हीलवर बसवायची, मग पुढच्या दात्यांवर खालून लावून पायडल हळूहळू फिरवायचं. फिरवायचं काम तिला दे, बोटं तू सांभाळ, आणि हात पुसायला आईचा चांगला टॉवेल घेऊ नका.